पापण्यांच्या कडांचा दाह आणि घरचा शेक

पापण्यांच्या कडा लालसर होणे, सकाळी उठताना त्या एकमेकींना चिकटलेल्या असणे, केसांच्या मुळाशी पिवळट खवले दिसणे आणि दिवसभर डोळ्यात कुसळ गेल्यासारखे खुपत राहणे, या तक्रारी असलेली बहुतेक माणसे आधी औषधाच्या दुकानात जातात, थेंबांची एखादी बाटली आणतात, थोडे दिवस डोळ्यात घालतात आणि बरे वाटले की सोडून देतात. काही आठवड्यांनी सगळे पुन्हा सुरू होते. याचे कारण असे की आजार बुबुळावर नसतो, पापणीच्या कडेवर असतो, आणि डोळ्यात घातलेला थेंब त्या कडेवर फारसा टिकत नाही. डॉक्टर या आजाराला ब्लेफरायटिस म्हणतात. माझ्या आईला तो बऱ्याच वर्षांपासून आहे आणि कमी प्रमाणात मलाही आहे. तो कायमचा जात नाही, पण रोजच्या घरगुती उपचाराने इतका आटोक्यात राहतो की त्याची आठवणही होऊ नये. मात्र हा उपचार वरवर सोपा दिसत असला तरी त्यातले बारकावे कोणी सांगत नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहीत आहे.

आधी पापणीच्या कडेची रचना समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यावरच अवलंबून आहे. पापणीच्या आत, कडेला काटकोनात, तेलकट द्रव तयार करणाऱ्या लांबट ग्रंथींची एक रांग असते. वरच्या पापणीत त्या साधारण पंचवीस ते चाळीस आणि खालच्या पापणीत वीस ते तीस असतात. हाइनरिक मायबोम या जर्मन वैद्याने १६६६ साली त्यांचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. आपण पापणी मिटतो तेव्हा या ग्रंथींतून थोडे तेल कडेवर येते आणि पापणी उघडताना अश्रूंवर त्याचा अतिशय पातळ थर पसरतो. हा थर असेल तर अश्रू लवकर वाळत नाहीत. निरोगी माणसात हे तेल शरीराच्या उष्णतेलाच पातळ राहते. दाह असलेल्या पापणीत त्याची घडण बदलते, ते दाट होते आणि थंडीत थिजलेल्या तुपासारखे ग्रंथींच्या तोंडाशी अडकून बसते. मग अश्रू भराभर वाळतात, डोळे चुरचुरतात आणि त्या चुरचुरण्यावर उपाय म्हणून डोळ्याला उलट जास्त पाणी सुटते. डोळ्यांतून सतत पाणी येणाऱ्या माणसाला डॉक्टर ‘डोळे कोरडे आहेत’ असे सांगतात तेव्हा ते ऐकणाऱ्याला पटत नाही, पण त्यामागचा खुलासा हाच आहे.

कडेच्या पुढच्या बाजूचा दाह थोडा निराळा असतो. तिथे केसांच्या मुळांशी त्वचेवरचे नेहमीचे जंतू, विशेषतः स्टॅफिलोकॉकस, प्रमाणाबाहेर वाढतात, किंवा डोक्यातला कोंडाच भुवया आणि पापण्यांपर्यंत उतरलेला असतो. तिसरे कारण म्हणजे डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म कीटक. त्यांची लांबी एक मिलिमीटरच्या निम्म्याहूनही कमी असते, ते केसांच्या मुळांत राहतात आणि वाढत्या वयात बहुतेकांच्या त्वचेवर सापडतात, म्हणून त्यांचे नाव ऐकून किळस करण्याचे किंवा स्वतःला अस्वच्छ समजण्याचे काही कारण नाही. त्यांची संख्या फार वाढली की मात्र प्रत्येक केसाच्या बुडाशी पारदर्शक, नळीसारखे वेष्टण दिसू लागते. मोठे करून दाखवणारा आरसा खिडकीपाशी धरून नजर खाली वळवली आणि वरच्या पापणीची कड नीट पाहिली तर ही वेष्टणे घरीही दिसू शकतात. त्याच आरशात कडेवर ओळीने बसलेले बारीक पांढुरके ठिपके दिसले तर ती ग्रंथींची बुजलेली तोंडे असतात, आणि डोळ्याच्या कोपऱ्यात साबणासारखा फेस जमलेला दिसला तर तेही बिघडलेल्या तेलाचे लक्षण असू शकते. प्रत्यक्षात या सगळ्या प्रकारांची सरमिसळच जास्त आढळते. तरीही नेमके निदान एकदा नेत्रतज्ज्ञाकडून, त्यांच्या सूक्ष्मदर्शक यंत्राखाली करून घ्यावे असे मी आग्रहाने सांगेन, कारण लाल डोळ्यांची कारणे पुष्कळ आहेत आणि शेक सगळ्यांवर चालत नाही.

आता शेकाकडे येते. उपचाराचा खरा गाभा तोच आहे आणि बहुतेकांचा उपचार तिथेच कमी पडतो. दाट झालेले तेल वितळायचे तर पापणीला सुमारे चाळीस अंश सेल्सियसच्या आसपासची ऊब मिळावी लागते, आणि ती किमान पाच, शक्य असल्यास दहा मिनिटे टिकावी लागते. गरम पाण्यात पिळलेला रुमाल डोळ्यांवर ठेवला की दोन मिनिटांतच तो कोमट होतो. त्यानंतर आपण शेक घेतो आहोत असे वाटत असते, पण पापणीला काहीच मिळत नसते. म्हणून आमच्या घरी दोन मऊ सुती पंचे ठेवले आहेत. पाणी पातेल्यात तापवून रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये ओतायचे, एक पंचा चौपदरी घडी करून त्यात बुडवायचा, घट्ट पिळायचा, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहायचा आणि चटका बसत नाही याची खात्री झाल्यावरच मिटलेल्या डोळ्यांवर ठेवायचा. तो निवायला लागला की दुसरा तयार असतो. पापणीची त्वचा शरीरातल्या सर्वांत पातळ त्वचेपैकी आहे आणि वयस्कर माणसांना, विशेषतः मधुमेह असलेल्यांना, उष्णतेचा अंदाज नीट येत नाही. आई नेहमी म्हणते, “अगं, एवढं गरम सोसतं मला, अजून थोडं चालेल.” तिच्या सोसण्यावर न जाता मी माझ्या मनगटावर विसंबते.

पंच्यांची ही यातायात ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी डोळ्यांवर बांधायच्या, आत बारीक मणी असलेल्या पट्ट्या मिळतात. त्या मायक्रोवेव्हमध्ये काही सेकंद तापवायच्या असतात आणि त्यांची ऊब पंच्यापेक्षा जास्त वेळ टिकते. नोकरीला जाणाऱ्या माणसाला हा पर्याय नक्कीच सोयीचा आहे. तांदूळ भरून घरी शिवलेल्या पोटलीबद्दल मात्र माझे मत चांगले नाही. ती मायक्रोवेव्हमध्ये कमी-जास्त तापते, एखाद्या बाजूला नुसती कोमट तर दुसऱ्या बाजूला चटका देणारी होते, आणि पापणीसारख्या जागी हा धोका पत्करू नये. रुमालाचा बोळा करून त्यावर तोंडाची वाफ देऊन डोळा शेकण्याची आपल्याकडची जुनी पद्धत आहे. लहानपणी डोळ्याला काही लागले की प्रत्येक घरात हेच होत असे. मुका मार लागलेल्या मुलाला त्याने धीर येत असेल, पण पापणीच्या ग्रंथींसाठी ती ऊब फार थोडी आणि फार क्षणिक आहे, शिवाय त्यातून तोंडातले जंतू पापणीवर जातात.

शेक संपल्याबरोबर, पापणी उबदार असतानाच मालिश करायची. मध्येच फोन घेतला किंवा दार उघडायला गेले की वितळलेले तेल पुन्हा घट्ट होऊ लागते. हात साबणाने धुतलेले आणि नखे कापलेली हवीत. वरची पापणी मिटून, बोटाच्या मऊ भागाने, भुवईकडून केसांच्या दिशेने हलके खाली यायचे. खालच्या पापणीवर गालाकडून केसांच्या दिशेने वर जायचे. नाकाच्या बाजूने सुरुवात करून कानाच्या बाजूपर्यंत अशी संपूर्ण कड घ्यायची. दाब पापणीवर पडायला हवा, बुबुळावर नाही. जोराने चोळल्याने तेल अधिक निघत नाही, आणि डोळे चोळण्याची सवय बुबुळाच्या पारदर्शक पडद्याचा आकार बिघडवू शकते. काचबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही मालिश करूच नये. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी शेकाआधी त्या काढून ठेवाव्यात आणि कडा सुजलेल्या असताना काही दिवस चष्माच वापरावा.

शेवटचा भाग स्वच्छतेचा. मालिशीने बाहेर आलेले तेल आणि ऊब मिळून सैल झालेले खवले कडेवरून पुसून काढायचे असतात. उकळून गार केलेल्या पाण्यात लहान मुलांच्या शांपूचे दोन-चार थेंब टाकून, कापसाच्या बोळ्याने किंवा कापूस गुंडाळलेल्या काडीने केसांच्या बुडाशी आडवे पुसावे, असे अनेक डॉक्टर वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. अलीकडे पापण्यांसाठीच तयार केलेले फेस आणि ओल्या पट्ट्या मिळतात. शांपूने काहींचे डोळे अधिक कोरडे होतात, म्हणून काही तज्ज्ञ आता या तयार वस्तूंना पसंती देतात. आईला शांपू मानवत नाही, मला मानवतो. ज्याचे त्याने पाहावे. दोन्ही डोळ्यांना वेगवेगळा कापूस घ्यावा, वापरलेला कापूस पुन्हा पाण्यात बुडवू नये, खवले नखाने खरवडून काढू नयेत आणि शेवटी साध्या उकळलेल्या पाण्याने कड पुसून घ्यावी. पंचे रोज गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावेत. दमट पावसाळ्यात न वाळलेला, कुबट वास येणारा पंचा डोळ्यांना लावणे म्हणजे स्वच्छतेच्या नावाखाली जंतूच चोळणे होय.

सुरुवातीचे काही आठवडे हे सगळे दिवसातून दोनदा करावे लागते, नंतर बहुतेकांना एकदा पुरते. पहिल्या आठवड्यात फरक दिसत नाही, काहींना तर बाहेर पडणाऱ्या तेलामुळे दिसणे थोडा वेळ धूसर झाल्यासारखे वाटते. तिथे सोडून देऊ नये. बरे वाटायला लागल्यावर तर मुळीच सोडू नये, कारण ग्रंथींची तोंडे पुन्हा बुजायला वेळ लागत नाही आणि वर्षानुवर्षे बुजलेल्या ग्रंथी सुकून जातात. सुकलेली ग्रंथी शेकाने परत येत नाही. या उपचाराबद्दल मी इतक्या कळकळीने लिहीत आहे ते मुख्यतः याचसाठी.

घरगुती उपाय म्हणून आणखी ज्या गोष्टी सुचवल्या जातात त्यांच्याबद्दल मला स्पष्टच लिहायचे आहे. रांजणवाडी झाली की चिंचोका किंवा लवंग उगाळून लावणे, डोळ्यात मध घालणे, गुलाबपाण्याचे थेंब, एरंडेल, अंदाजाने घेतलेली बोरिक पावडर, हे सर्व आपल्या घरांतून अजूनही चालते आणि मोठ्या मायेने सांगितले जाते. सहाणेवर उगाळलेला लेप असो की बाजारातली गुलाबपाण्याची बाटली असो, यातले काहीही निर्जंतुक नसते, आणि लवंगेसारख्या तिखट पदार्थाचा कण बुबुळावर गेला तर तिथे जखम होऊ शकते. रांजणवाडी म्हणजे केसाच्या मुळाशी किंवा तेलाच्या ग्रंथीत झालेली पुळीच असते. ती दाबून फोडायची नसते. शेक दिल्याने ती बहुधा आपोआप फुटते किंवा जिरते. म्हणजे परंपरेतल्या उपायांपैकी ऊब तेवढी घ्यावी आणि लेप सोडून द्यावेत. टी ट्री नावाच्या झाडाच्या पानांपासून काढलेल्या तेलाचेही तसेच आहे. डेमोडेक्सवर त्याचा उपयोग होतो हे खरे, पण तो योग्य प्रमाणात पातळ करून बनवलेल्या पट्ट्यांतून. बाटलीतले शुद्ध तेल पापणीला लावणे बुबुळासाठी घातक आहे. त्या कीटकांवर लोटिलॅनर नावाचे खास थेंबही निघाले आहेत आणि २०२३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यांना मान्यता दिली, त्यामुळे तेलाशी स्वतः प्रयोग करण्याची तर आता काहीच गरज राहिलेली नाही.

काजळ हा अनेक घरांतला नाजूक विषय आहे. कडेच्या आतल्या बाजूला, बरोबर ग्रंथींच्या तोंडांवर काजळ भरले की ती तोंडे बुजतात, मग ते काजळ तुपाच्या दिव्यावर घरी धरलेले असो की महागड्या कांडीतले. दाह असेपर्यंत ते बंदच ठेवावे, आणि नंतर हौस म्हणून लावलेच तर केसांच्या बाहेरच्या बाजूने लावून रात्री झोपण्यापूर्वी पूर्ण पुसावे. सुरमा मात्र कधीही लावू नये, कारण अनेक सुरम्यांत शिशाचे संयुग असते. तान्ह्या बाळांच्या डोळ्यांत तर काजळही नको आणि सुरमाही नको.

औषधांच्या बाबतीत एक इशारा सगळ्यात महत्त्वाचा आहे. ‘डोळे लाल झालेत, काहीतरी द्या’ असे म्हटल्यावर दुकानातून जे थेंब हाती पडतात त्यांत बऱ्याचदा स्टिरॉइड असते. त्याने दोन दिवसांत लाली उतरते, म्हणून पुढच्या वेळी माणूस तेच नाव सांगून तीच बाटली आणतो. असे महिनोन्महिने चालले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो आणि मोतीबिंदूही लवकर येतो. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत मिळत नाही. डॉक्टरांनी ठरावीक दिवसांसाठी दिलेले स्टिरॉइड निराळे आणि आपण होऊन चालू ठेवलेले निराळे. गरज पडली तर डॉक्टर कडेला लावायचे प्रतिजैविक मलम देतात, किंवा दाह फार हट्टी असेल तर डॉक्सिसायक्लिन किंवा अॅझिथ्रोमायसिनच्या गोळ्या देतात. डॉक्सिसायक्लिन गर्भवतींना आणि लहान मुलांना चालत नाही, त्यामुळे नातेवाइकाच्या चिठ्ठीवरून ते स्वतः घेऊ नये. कृत्रिम अश्रूंचे थेंब मात्र निर्धोक आहेत. ते दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर टिकाऊपणासाठी रसायन न घातलेले थेंब मागून घ्यावेत, कारण ते रसायनच वारंवार गेल्याने डोळ्याच्या पृष्ठभागाला त्रास देते.

आहाराबद्दल खूप बोलले जाते आणि ओमेगा-३ च्या, म्हणजे मासे आणि जवस यांत असणाऱ्या मेदाच्या, गोळ्या तर सर्रास सुचवल्या जातात. कोरड्या डोळ्यांसाठी त्यांचा किती उपयोग होतो हे पाहणारी एक मोठी चाचणी अमेरिकेत झाली आणि तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. रोज ३,००० मिलिग्रॅम ओमेगा-३ घेणाऱ्यांना वर्षभरानंतर, तुलनेसाठी ऑलिव्ह तेलाच्या गोळ्या दिलेल्यांपेक्षा विशेष अधिक फायदा झालेला आढळला नाही. जवसाची चटणी आवडत असेल तर ती जेवणात जरूर असावी, पण तिच्या भरवशावर शेक टाळू नये. त्यापेक्षा डोक्यातल्या कोंड्यावर उपचार करणे, पंखा किंवा एसीचा झोत थेट चेहऱ्यावर येऊ न देणे आणि पडद्यासमोर काम करताना जाणीवपूर्वक पापण्या पूर्ण मिटणे यांचा उपयोग कितीतरी जास्त आहे. एरवी आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतो, पडद्याकडे पाहताना हे प्रमाण निम्म्याहूनही खाली येते आणि मिटणेही अर्धवट होते. ग्रंथींतून तेल बाहेर ढकलण्याचे काम पापणीच्या मिटण्यानेच होत असल्याने हा तोटा दुहेरी आहे.

काही लक्षणे दिसली तर घरी शेकत बसू नये. दृष्टी कमी होणे, डोळा आतून दुखणे, उजेड सहन न होणे, किंवा पापणी सुजून ताप येणे आणि डोळा हलवताना कळ येणे, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. एकाच डोळ्याच्या एकाच जागी पुन्हा पुन्हा गाठ येत असेल, किंवा तिथले केस गळून गेले असतील, तर विशेषतः पन्नाशीपुढच्या माणसांनी त्या गाठीची तपासणी करून घ्यावी. पापणीच्या तेलग्रंथींचा कर्करोग साध्या गाठीच्या किंवा न हटणाऱ्या दाहाच्या रूपात लपू शकतो आणि आपल्या देशात तो पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत अधिक आढळतो.

आमच्या घरी या सगळ्याला शिस्त आली ती आईच्या मोतीबिंदूमुळे. शस्त्रक्रियेची तारीख घ्यायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी तिच्या पापण्या पाहिल्या आणि म्हणाले, “आजी, आधी या कडा स्वच्छ करू, मोतीबिंदूची घाई नाही.” शस्त्रक्रियेनंतर डोळ्याच्या आत होणाऱ्या जंतुसंसर्गात बरेचदा पापण्यांवरचेच जंतू सापडतात. तो संसर्ग क्वचितच होतो, पण झाला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून शस्त्रक्रियेच्या मेजावर पापण्या आयोडीनच्या द्रावणाने स्वच्छ केल्या जातातच, आणि दाह असेल तर तो आधी शमवून घेतात. शिवाय अश्रूंचा थर बिघडलेला असताना बुबुळाचे मोजमाप चुकू शकते आणि त्यावरून ठरणाऱ्या लेन्सचा नंबरही. काही आठवडे दोन वेळचा शेक, मालिश आणि रात्री कडेला मलम असे केल्यावर तिच्या कडांवरची लाली उतरली, खवले गेले, आणि मग तारीख मिळाली. शस्त्रक्रियेनंतर शेक आणि मालिश दोन्ही बंद ठेवायला सांगितले होते, कारण ताज्या जखमेवर दाब आणि पाणी दोन्ही नको असते. डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्यावर आधी फक्त स्वच्छता, मग शेक आणि सगळ्यात शेवटी मालिश, अशा क्रमाने तिचा रोजचा उपचार पुन्हा सुरू झाला. ज्यांच्या घरी कोणाची ही शस्त्रक्रिया ठरलेली आहे आणि ज्यांच्या पापण्या सकाळी चिकटतात, त्यांनी ही गोष्ट तपासणीच्या वेळी आपणहून डॉक्टरांना सांगावी.